पाडव्याचा फोटो, सोनेतारणाची जाहिरात

फ्रेम साधीच आहे. २०२४ चा गुढीपाडवा, गिरगावात ठाकूरद्वार नाक्याच्या जरा अलीकडे. बुलेटवर चाळिशीच्या आसपासची बाई. जांभळी नऊवारी, भगवा फेटा, काळा गॉगल, नाकात मोत्यांची नथ, गळ्यात ठुशी, हातात जुन्या घडणीच्या पाटल्या. मागच्या सीटवर तशीच नटलेली तिची भाची, एका हाताने आत्याची कंबर धरून, दुसऱ्या हातात छोटा झेंडा. मागे ढोल-ताशा पथक आणि चाळीच्या गॅलऱ्यांतून वाकून बघणारी माणसं. फोटो झकास आहे, हे आधीच सांगते. पुढे इतकी भांडणं झाली, पण फोटोला कुणी नावं ठेवली नाहीत.

जून २०२५ मध्ये, शाळा उघडायच्या सुमारास, हाच फोटो डोंबिवलीत पेपरात घालून आलेल्या एका पत्रकावर झळकला. सोन्यावर कर्ज देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. बुलेटवरच्या त्या बाईंच्या, म्हणजे ताईंच्या, चेहऱ्याशेजारी जाड अक्षरांत ओळ होती : ‘मुलांच्या फीची चिंता होती, माझं सोनं धावून आलं!’ मग तोच फोटो मुंबईत बसस्टॉपच्या चौकटीत आला, कंपनीच्या वेबसाइटवरही आला.

पहिला फोन डोंबिवलीहून मोठ्या जाऊबाईंचा. ‘अगं, आईंच्या पाटल्या गहाण टाकल्यास? एवढी नड होती तर सांगायचंस ना आम्हाला!’ सासूबाईंचा फोन आलाच नाही, आणि ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात वेगळीच तऱ्हा. ताई एका पतपेढीत आहेत आणि सोनेतारण कर्जाचंच टेबल सांभाळतात. मॅनेजरांनी पत्रक पुढे सरकवलं आणि एवढंच विचारलं, ‘मॅडम, हे काय?’ स्वतःच्या पतपेढीचं सोनेतारण सोडून बाई दुसऱ्या कंपनीची जाहिरात करते, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

मी पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी छायाचित्रांच्या परवानग्या मिळवायचं काम करते. या फोटोग्राफरची छायाचित्रं अधूनमधून वापरलेली, म्हणून वकिलाची नोटीस हातात पडल्यावर त्याने मला फोन केला. पुढे दोन्ही बाजू बसल्या तेव्हा मीही तिथे होते. माणसांची, कंपनीची आणि फोटो विकणाऱ्या परदेशी साइटची नावं मुद्दाम गाळली आहेत.

सही होती

फोटोग्राफरचं पहिलंच वाक्य होतं, ‘मॅडम, माझ्याकडे रिलीज आहे. सही आहे ताईंची.’

खरंच होती. रिलीज म्हणजे आपला फोटो वापरायला माणसाने सही करून दिलेलं संमतीपत्र. स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो साठवून कुणालाही विकणाऱ्या साइटवर, फोटो दोन खात्यांत जातात. एक ‘एडिटोरियल’ : बातमी, लेख, पाठ्यपुस्तक, माहिती. इथे ओळखू येणाऱ्या माणसाची सही साइट सहसा मागत नाही. दुसरं ‘कमर्शियल’ : जाहिरात, पॅकिंग, कंपनीचं पत्रक. इथे फ्रेममधल्या प्रत्येक ओळखू येणाऱ्या माणसाचं मॉडेल रिलीज लागतं. त्याच्या सहीचं, फोटोग्राफरच्या सहीचं, बहुतेक ठिकाणी साक्षीदाराच्याही सहीचं. अठराच्या आतलं माणूस असेल तर आईवडिलांपैकी एकाचं किंवा पालकाचं. कमर्शियलचा खप जास्त, म्हणून सगळ्यांची धडपड तिकडे.

पाडव्याच्या शोभायात्रेत फोटो काढल्यावर त्याने मोबाइल पुढे केला होता. त्यावर रिलीजचं ॲप होतं, मजकूर सगळा इंग्रजी. तो म्हणाला, ‘ताई, फोटो पाठवतो, इथे नाव-नंबर टाका आणि बोटाने सही करा.’ ढोलांच्या आवाजात बोलणं ओरडूनच करावं लागत होतं, मागून स्वयंसेवक ‘गाडी पुढे घ्या’ म्हणत होते. ताईंनी नाव टाकलं, नंबर टाकला, बोट फिरवलं. भाचीनेही फिरवलं. त्याची बॅग सांभाळणारा मित्र साक्षीदार झाला. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो पोचले. ताईंचं उत्तर : ‘खूप छान आलाय, थँक्यू दादा.’ ताईंनी तो डीपीही ठेवला.

त्याच्या मनात खोट नव्हती, असं माझं मत आहे. या धंद्यातली निम्मी मुलं याच पद्धतीने सह्या घेतात. ‘मॉडेल रिलीज’ म्हटलं तर माणूस बिचकतो, म्हणून ‘फोटो पाठवतो’ म्हणायचं. फोटो पाठवतातही. फसवलं असं त्यांना वाटतच नाही, कारण जे बोलले ते केलेलं असतं. जे बोलले नाहीत ते स्क्रीनवर इंग्रजीत असतं.

आणि एक गंमत बघा. फोटो साइटवर चढवण्याआधी त्याने दोन तास बसून बुलेटच्या टाकीवरचं कंपनीचं नाव पुसलं, नंबरप्लेट कोरी केली, मागचा एका पक्षाचा बॅनर धूसर केला. न केलं तर साइट फोटो परत पाठवते. ट्रेडमार्कच्या बाबतीत हे लोक डोळ्यांत तेल घालून असतात. गेटवेसमोर फोटो काढणाऱ्याला ठाऊक असतं की ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या प्रतिमेचा २०१७ मध्ये ट्रेडमार्क नोंदला गेलाय, तेव्हा तो घुमट जाहिरातीच्या फोटोत सांभाळून घ्यायचा. त्याच घुमटाखाली उभ्या असलेल्या चणेवाल्याकडून बोट फिरवून घेतलं की झालं. मोटारसायकलच्या नावाला जेवढा मान मिळाला तेवढा ती चालवणारीला मिळाला नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो काही बोलला नाही.

ओळखू कशी आली

कंपनीच्या डिझायनरने पहिल्या फोनवर हेच टोक धरलं : गॉगल आहे, फेटा आहे, अर्धा चेहरा झाकलाय, कोण ओळखणार? पण जाऊबाईंनी चेहऱ्यावरून ओळखलंच नव्हतं. त्यांनी पाटल्या ओळखल्या. सासूबाईंच्या त्या पाटल्या घरात सगळ्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या, त्यांची पेरावरची नक्षी घरच्या बायका झोपेतही सांगतील. मॅनेजरांनी ओळखलं ते डीपीवरून. तोच फोटो वर्षभर त्यांच्या ग्रुपमध्ये ताईंच्या नावाशेजारी होता.

साइटवाल्यांचेही नियम चेहऱ्यावर थांबत नाहीत. गोंदण, पाठमोरी उभं राहण्याची ढब, कपडे, जागा, यांवरून ते माणूस स्वतःला किंवा जवळचे लोक त्याला ओळखू शकत असतील तर रिलीज हवं, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. फोटो काढणाऱ्याने परक्याच्या नजरेने न बघता जाऊबाईंच्या नजरेने बघायला हवं. तिथे गॉगल उपयोगी पडत नाही.

कायदा कुठे उभा राहतो

बैठक फोर्टात ताईंच्या वकीलबाईंच्या ऑफिसात झाली. ताई, त्यांचे भाऊ म्हणजे भाचीचे वडील, फोटोग्राफर आणि मी. सुरुवातीला दोन्ही बाजूंचा एकेक गैरसमज निकालात निघाला.

ताईंच्या भावाचं म्हणणं, ‘फोटो आमचा, तर हक्क आमचा.’ तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा, आणि पहिली मालकीही त्याची. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला, लग्नाचा म्हणा, तर गोष्ट वेगळी. तिथे वेगळा करार नसेल तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाते. इथे तसं काही नव्हतं.

फोटोग्राफरचं म्हणणं, ‘रस्त्यावर काढलाय, सार्वजनिक जागा आहे, मग प्रश्नच कुठे येतो?’ तेही तसं नाही. रस्त्यावर माणसाचा फोटो काढू नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. शोभायात्रेत बुलेटवर बसून कॅमेऱ्याकडे बघून हसणारी बाई फोटोला ‘हो’ म्हणतेच. तो फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो, प्रदर्शनात लागतो, पाडव्यावरच्या लेखात येतो, त्याला कुणी हरकत घेत नाही. जाहिरात मात्र वेगळी बाब. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात खासगीपणाच्या हक्काची जी मांडणी केली, तिच्यात माणसाचं नाव किंवा छबी त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरणं हे हक्कभंगाचं उदाहरण म्हणूनच दिलेलं आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातल्या न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या स्वतंत्र मतात आपल्या प्रतिमेवर आणि ओळखीच्या व्यापारी वापरावर प्रत्येकाचं नियंत्रण हवं, असं स्पष्ट आहे.

पेपरात आपण वाचतो ते खटले बहुधा नटांचे आणि गायकांचे. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून, अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून संरक्षण मिळालं. तिथे वाद प्रसिद्धीच्या बाजारभावाचा असतो. ताईंच्या चेहऱ्याला बाजारभाव नाही, म्हणून त्यांचा दावा दुबळा, असा सूर फोटोग्राफरने लावून बघितला. वकीलबाईंनी मार्च २०२५ मधल्या मुंबई उच्च न्यायालयातल्या एका आदेशाची प्रत पुढे ठेवली. तिथेही अर्जदार साधी, अप्रसिद्ध बाई. ओळखीच्या फोटोग्राफरने काढलेला तिचा फोटो एका अमेरिकी स्टॉक साइटवर गेला आणि तिथून तो काही राज्य सरकारांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत आला, अशी तिची तक्रार. न्यायालयाने प्रथमदर्शनी हा त्या छायाचित्राचा व्यापारी गैरवापर दिसतो असं म्हणून केंद्रासह सगळ्यांकडून उत्तरं मागवली. तो अंतिम निकाल नव्हे, पण आमच्या बैठकीतला आवाज त्या कागदानंतर खाली आला.

मग खरा मुद्दा उरला : पण सही तर आहे!

सहीची किंमत

भाचीच्या सहीचं चटकन आटोपलं. पाडव्याला ती अकरावीत होती, सोळा वर्षांची. १८७२ च्या करार कायद्यात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, माणूस करार करू शकत नाही, आणि तसा करार मुळातूनच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्येच मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. ॲपमध्ये ‘मॉडेल अज्ञान आहे का’ असा चौकोन होता. नऊवारीत मुलगी मोठी दिसते म्हणून त्याने तो विचारलाच नव्हता. बसस्टॉपवरच्या जाहिरातीत भाची कापली होती, फक्त कंबरेवरचा हात राहिला होता. वेबसाइटवर मात्र पूर्ण फ्रेम. म्हणजे वेबसाइटपुरतं तरी त्याच्या हातात काहीच नव्हतं. भाऊ इतका वेळ गप्प होते, ते इथे बोलले. ‘मी तिथेच होतो, दहा पावलांवर. मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं तिचं वय.’

ताईंची सही अवघड. ताई सज्ञान आहेत, पदवीधर आहेत, रोज लोकांना कर्जाच्या कागदांवर सह्या करायला लावतात. ‘इंग्रजी कळलं नाही’ हे त्यांच्या तोंडी शोभलं नसतं, आणि त्यांनी ते म्हटलंही नाही. सही करणाऱ्याने कागद वाचलाय असंच कायदा धरून चालतो. मोबाइलवर बोटाने काढलेली रेघ माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या अर्थाने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे, पण करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून फोल ठरत नाही. म्हणजे ती रेघ अगदीच कचऱ्यात टाकता येईना.

वकीलबाईंनी करार कायद्यातल्या दोन कलमांवर बोट ठेवलं. पहिलं पंचविसावं : मोबदल्याशिवाय करार, काही अपवाद सोडले तर, निरर्थक. रिलीजमध्ये ‘मोबदला मिळाला’ असं छापलेलं होतं. मिळालं काय, तर व्हॉट्सॲपवर फोटो. फोटोग्राफर म्हणाला, फोटो हाच मोबदला. तेही अगदी पोकळ नाही, कारण मोबदला पुरेसा आहे की नाही हे न्यायालय तोलत बसत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढे आहे की मोबदला फारच तुटपुंजा असेल, तर संमती मोकळेपणाने दिली होती का हे ठरवताना ती गोष्ट विचारात घेता येते.

दुसरं तेरावं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण या एका ओळीत आहे. दोन माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तर ती संमती. ताईंनी होकार दिला तो फोटो घरी पोचण्याला. त्याने घेतला तो जगातल्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही मालावर, कायमचा चिकटवण्याचा. सही एकच असली तरी तिच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ‘मी माझ्या टेबलावर असं केलं असतं ना,’ ताई म्हणाल्या, ‘म्हणजे पावती म्हणून सही घ्यायची आणि निघायचं तारणपत्र, तर दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली असती.’

न्यायालयात हे टिकलं असतं का? टिकलं असतं असं मला वाटतं, पण वेळ किती गेला असता याचा अंदाज मुंबईत राहणाऱ्या कुणालाही आहे. वकीलबाईंनाही तो होता, म्हणून त्यांनी तिसरीच वाट धरली.

जाहिरातीतली ओळ

आधी त्यांनी साइटचा परवाना, म्हणजे फोटो घेणाऱ्याने तो कसा वापरायचा याच्या अटी, वाचून काढला. अशा परवान्यांत ‘संवेदनशील वापरा’ची यादी असते. फोटोतल्या माणसाला अश्लील मजकुराशी जोडायचं नाही, तंबाखूच्या जाहिरातीत वापरायचं नाही, कुठल्या पक्षाचा प्रचार करताना दाखवायचं नाही, आजारी किंवा गुन्हेगार म्हणून रंगवायचं नाही. रिलीज असलं तरी नाही. या यादीत कर्ज नाही. अमेरिकेत बसून यादी करणाऱ्याला कर्ज काढण्यात लाज वाटण्याजोगं काही दिसलं नसणार, घर-गाडी-शिक्षण सगळं कर्जावरच चालतं तिथे. सासूने दिलेल्या पाटल्या सराफाच्या तिजोरीत गेल्या, ही बातमी आपल्या घरांत काय करते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? परवाना जगभर एकच आणि अब्रू जागोजाग वेगळी, ही या धंद्यातली मुळातली अडचण आहे. आपल्याकडचं कुणी यादी करायला बसलं तर कर्ज, स्थळं जुळवणाऱ्या साइट्स, वंध्यत्वाचे दवाखाने, दारू सोडवायची औषधं आणि गोरेपणाची क्रीम पहिल्या पाच ओळींत येतील.

तर साइटच्या परवान्यातून काही निघेना. निघालं ते जाहिरातीच्या मथळ्यातून. ‘माझं सोनं धावून आलं’ हे वाक्य ताईंच्या तोंडी घातलेलं होतं. फोटोतली बाई सांगते आहे की मी कर्ज घेतलं आणि माझं भलं झालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत जाहिरातीतली शिफारस ही ती करणाऱ्याचं खरं, आजचं मत असली पाहिजे आणि त्या मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव तिच्यामागे हवा, असं आहे. ताईंनी त्या कंपनीचं दार पाहिलेलं नाही. शिवाय जाहिरात क्षेत्राने स्वतःसाठी नेमलेली मुंबईतलीच संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, तिच्या संहितेतही एखाद्या व्यक्तीच्या परवानगीविना तिचा असा उल्लेख करू नये की ज्याने मालाला अवाजवी फायदा होईल किंवा त्या व्यक्तीची नाचक्की होईल, असं कलम आहे. तिथे सामान्य माणसाला तक्रार करायला वकीलही लागत नाही.

कंपनीला पाठवलेल्या नोटिशीत खासगीपणाचा मुद्दा होता, भाचीचं वय होतं, पण जोर या ओळीवर होता. ‘आम्ही फोटो रीतसर विकत घेतलाय, रिलीज साइटकडे आहे’ हे त्यांचं उत्तर तयार होतं आणि फोटोपुरतं ते खरंही होतं. वाक्य मात्र कुणीच विकलेलं नव्हतं. डिझायनरने ते आपल्या मनाने लिहिलं होतं. आठवडाभरात बसस्टॉपवरून चौकटी उतरल्या, वेबसाइटवरून फ्रेम गेली.

ताईंनी काय मागितलं

भरपाईचा आकडा मी सांगणार नाही, तसं ठरलं आहे. फार मोठा नव्हता. ताईंची पहिली मागणी वेगळीच होती : कंपनीने आपल्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, मराठीत लिहून द्यावं की या बाईंनी आमच्याकडून कधीही कर्ज घेतलेलं नाही, त्या आमच्या ग्राहक नाहीत आणि जाहिरातीतलं वाक्य त्यांचं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, पैशांचं बोलू या ना, हे कशाला? ताई अडून बसल्या. पत्राच्या दोन प्रती निघाल्या. एक पतपेढीत त्यांच्या फायलीला लागली, दुसरी डोंबिवलीला गेली.

फोटोग्राफरने आपल्या खात्याचा हिशोब उघडून दाखवला. त्या फोटोची सगळी विक्री मिळून बाराशे रुपयांच्याही आतली होती. सबस्क्रिप्शनवाल्या साइटवर एका डाउनलोडमागे दहा-वीस सेंट सुटतात, तिथे बस्सं इतकंच. आणि जोखीम? साइटशी केलेल्या करारात एक कलम असतं, बहुतेक कुणी न वाचलेलं : रिलीजमध्ये खोट निघाली आणि साइटला भुर्दंड पडला तर तो फोटोग्राफरने भरून द्यायचा. त्याने ते कलम वकीलबाईंच्या टेबलावर पहिल्यांदा वाचलं. चेहरा उतरला. ताईंनी त्याच्याकडून पैसे मागितले नाहीत. रिलीज रद्द झाल्याचं आणि फोटो काढून टाकल्याचं लेखी मागितलं.

फोटो साइटवरून उतरला. पण साइटने कळवलं की आधी विकलेले परवाने चालू राहतील आणि ते कुणाकडे आहेत हे सांगता येणार नाही. इथे माणसं हबकतात. दुकानातून माल उचलला तरी लोकांनी घरी नेलेला माल परत येत नाही. भाचीने मोबाइलवर फोटोवरूनच उलटा शोध घेऊन चार-पाच ठिकाणं काढली. पाडव्याचं एक शुभेच्छापत्र होतं, परदेशातल्या एका प्रवासी कंपनीचं भारत-सहलीचं पान होतं. ताई म्हणाल्या, ‘राहू दे, ही छान आहेत.’ एका दाताच्या दवाखान्याने हसऱ्या चेहऱ्यासाठी वापरला होता, तो त्यांनी काढायला लावला. दवाखान्यानेही लगेच ऐकलं.

पुढचा कागद

फोटोग्राफरने मला नवा मसुदा करून मागितला. मी दिला, पण आधी माझं मत सांगितलं : मिरवणूक, यात्रा, दहीहंडी, विसर्जन, इथले फोटो एडिटोरियलमध्येच टाकावेत. चालत्या गर्दीत घेतलेली सही कधीच एका अर्थाची नसते. कमर्शियल हवं असेल तर माणसाला वेगळ्या दिवशी बोलवावं, पैसे द्यावेत, निवांत चहा पाजून कागद वाचून दाखवावा. ‘मग परवडत नाही,’ तो म्हणाला. नसेलच परवडत. दहा सेंटांच्या बाजारात दुसऱ्याचा चेहरा फुकट मिळतो असं धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही, आणि तो जुळवण्याची जबाबदारी चेहरा असणाऱ्यावर नाही.

मसुदा मराठीत आहे, दीड पान. कायदेशीर भाषा कमीत कमी. वर ठळक लिहिलंय की हा फोटो विकला जाईल, कुणाला ते आम्हाला आधी कळणार नाही, आणि एकदा विकला की त्या खरेदीदाराकडून परत आणता येणार नाही. खाली कुठे वापरू नये याची यादी, रिकाम्या ओळींसह, माणसाने स्वतः भरायची. एक स्वतंत्र रकाना कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण चालेल का यासाठी, कारण काही मोठ्या साइट्स फोटोंचे संच त्यासाठीही विकतात आणि जुन्या रिलीजमध्ये त्याचा उल्लेखच नसतो. मोबदल्याचा आकडा अक्षरी आणि अंकी. जन्मतारीख, ओळखपत्र बघून. आता खुद्द स्टॉक साइट हा कागद जसाच्या तसा घेत नाही. तिला तिचाच नमुना हवा असतो. म्हणून दोन्ही करायचे. मराठी कागद समजण्यासाठी, तिचा नमुना तिच्यासाठी, आणि ‘नको’ची यादी फोटोच्या वर्णनात टाकायची. खरेदीदार ती वाचेलच असं नाही, पण नंतर भांडायला हातात काही राहतं.

प्रकरण मिटल्यावर काही महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे नियम निघाले. मुख्य तरतुदी टप्प्याने, दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. त्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, संमती मागे घेता यायला हवी, अठराच्या आतल्यांसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं आहे. ओळखू येणारा चेहरा असलेला डिजिटल फोटो विकणारा त्यातून सहजी सुटेल असं मला वाटत नाही. बोटाच्या रेघेवर चाललेल्या धंद्याला हे जड जाणार.

मसुद्याची पहिली प्रत फोटोग्राफर ताईंकडेच घेऊन गेला, बघून द्या म्हणून. त्यांनी पतपेढीतल्या सवयीने लाल पेन काढलं. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ खोडले, यादीत कर्जाच्या खाली स्वतःच्या अक्षरात ‘लग्न जुळवणाऱ्या साइट’ घातलं. भावाने एक ओळ वाढवून घेतली : मुलगी अठराची झाल्यावर तिची सही नव्याने घ्यायची, तोवर तिची फ्रेम विकायची नाही, आणि ती नको म्हणाली तर पुढेही नाही.